जे पडत नाही, त्याचे काय?

एखाद्या जुन्या रॉकेटचा सांगाडा पृथ्वीकडे परतू लागला की दरवेळी तेच घडते. वाहिन्यांवर जगाचा नकाशा झळकतो, त्यावर नागमोडी रेषा उमटतात आणि 'कुणाच्या डोक्यावर पडणार?' हा एकच प्रश्न दोन-तीन दिवस दळला जातो. मग कुणी तज्ज्ञ समजावतो की पृथ्वीचा ७० टक्के पृष्ठभाग पाण्याखाली आहे, उरलेल्यातही बराचसा ओसाड आहे, तेव्हा निर्धास्त राहा. सांगाडा समुद्रात पडतो आणि विषय तिथेच संपतो. घाबरवणारे आणि धीर देणारे, दोघेही खाली येणाऱ्या तुकड्याकडेच बघत असतात. माझे म्हणणे असे की जो तुकडा पडला, त्याच्यापुरता प्रश्न मिटला. खरा धोका आहे तो न पडणाऱ्या कचऱ्याचा, जो अजून शेकडो वर्षे वर फिरत राहणार आहे त्याचा. आणि हा धोका वाढत चालला आहे तो विज्ञान तोकडे पडते म्हणून नव्हे. तिथे, वर, कायद्याने कुणालाच नीट जबाबदार धरलेले नाही, म्हणून.

पडणाऱ्या कचऱ्याची भीती अगदीच पोकळ आहे असे मात्र मी म्हणणार नाही. २४ जानेवारी १९७८ रोजी सोव्हिएत संघाचा कॉसमॉस ९५४ हा उपग्रह कॅनडाच्या उत्तरेकडील बर्फाळ प्रदेशावर कोसळला. त्याच्या पोटात अणुभट्टी होती, आणि किरणोत्सारी तुकडे शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात विखुरले. नोव्हेंबर २०२२ मध्ये चीनच्या लाँग मार्च ५बी रॉकेटचा वीसेक टनांचा गाभा अनियंत्रितपणे परतत असताना स्पेनला आपल्या हवाई हद्दीचा काही भाग बंद ठेवावा लागला आणि शेकडो विमानांना उशीर झाला. मार्च २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून सोडून दिलेल्या जुन्या बॅटऱ्यांच्या साच्याचा सुमारे ७०० ग्रॅमचा धातूचा तुकडा फ्लोरिडातल्या एका घराचे छत आणि मजला भेदून गेला. त्याच वर्षाच्या ३० डिसेंबरला केनियातल्या मुकुकू गावात अडीच मीटर व्यासाचे, जवळपास ५०० किलोंचे कडे येऊन पडले. यात कुणी दगावले नाही. पण २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष विसरता येत नाही: कक्षांच्या भूमितीमुळे जकार्ता, ढाका, लागोस यांसारख्या शहरांच्या अक्षांशांवरची जोखीम न्यूयॉर्क किंवा मॉस्कोच्या अक्षांशांवरच्या जोखमीच्या सुमारे तिप्पट आहे. ज्यांनी रॉकेटे उडवली नाहीत त्यांच्या वाट्याला धोका अधिक. हा अन्याय आहे आणि तो अन्याय म्हणूनच मोजला पाहिजे.

तरीही एक गोष्ट पाहा. जमिनीवर होणाऱ्या या नुकसानीसाठी कायदा आहे, आणि तो कडक आहे. १९७२च्या आंतरराष्ट्रीय दायित्व करारानुसार अवकाशातून पडलेल्या वस्तूने जमिनीवर किंवा उडत्या विमानाला इजा केली, तर ती वस्तू सोडणारा देश निरपवाद जबाबदार ठरतो. त्याची चूक होती की नव्हती, हे सिद्ध करायची गरज नाही. याच कराराच्या आधारे कॅनडाने ६० लाख कॅनेडियन डॉलरचा दावा लावला आणि १९८१ मध्ये सोव्हिएत संघाने त्यातले ३० लाख मोजले. रक्कम तोकडी होती, पण जबाबदारी कुणाची यावर वाद घालायला जागा नव्हती. हाच करार नुकसान वर, कक्षेत झाले तर मात्र एकदम मऊ होतो. तिथे दुसऱ्या देशाची चूक सिद्ध करावी लागते. म्हणजे जिथे धोका तुलनेने कमी तिथे कायदा ठाम, आणि जिथे धोका दरवर्षी वाढतो आहे तिथे कायदा पुरावा मागत बसतो. आपल्या सगळ्या चर्चेने या उफराट्या व्यवस्थेवर बोट ठेवायला हवे होते. आपण नकाशावरच्या रेषा बघत बसलो.

वरचा धोका नेमका कसा असतो? ४०० किलोमीटर उंचीवर हवेचा विरळ थर अजून शिल्लक असतो. तिथला तुकडा घासत घासत काही महिन्यांत, फार तर काही वर्षांत खाली येतो. ८०० किलोमीटरवर तेच काम शतकांचे होते. १९५८ साली अमेरिकेने सोडलेला व्हॅनगार्ड १ हा इवलासा उपग्रह आजही फिरतो आहे. त्याचा आवाज बंद होऊन साठ वर्षे उलटली. युरोपीय अवकाश संस्थेच्या अंदाजाप्रमाणे १ सेंटिमीटरहून मोठे १२ लाखांच्या आसपास तुकडे पृथ्वीभोवती आहेत. त्यातला सेंटिमीटरभर ॲल्युमिनियमचा गोळा घ्या. वजन जेमतेम दीड ग्रॅम. सेकंदाला १० किलोमीटर या सापेक्ष वेगाने तो आदळला, तर एक टन वजनाची मोटार ताशी ४० किलोमीटरने येऊन धडकावी इतकी ऊर्जा एका बिंदूवर ओतली जाते. अंतराळ स्थानकांना दुहेरी कवच असते. बाहेरचा पातळ पत्रा आदळणाऱ्या कणाचा चुरा करतो आणि आतली भिंत तो चुरा झेलते. पण हे कवच साधारण १ सेंटिमीटरपर्यंतच्या तुकड्यालाच पुरते. १० सेंटिमीटरहून मोठे तुकडे जमिनीवरच्या रडारला दिसतात, त्यामुळे स्थानक बाजूला घेता येते. या दोन्हींच्या मधल्या आकाराचे जे लाखो तुकडे आहेत ते दिसतही नाहीत आणि अडवताही येत नाहीत.

हे कागदावरचे गणित माणसांच्या जिवाशी कसे येऊन भिडते, ते नोव्हेंबर २०२५ मध्ये दिसले. चीनच्या तियांगोंग स्थानकावर सहा महिने राहिलेले शेनझोऊ २० मोहिमेचे तीन अंतराळवीर ५ नोव्हेंबरला परतणार होते. त्यांची जागा घेणारे तिघे आधीच वर पोहोचले होते. परतीची सगळी तयारी झालेली असताना कुपीच्या खिडकीच्या काचेला बारीक तडे गेलेले आढळले, आणि कारण म्हणून अवकाश कचऱ्याच्या बारीक तुकड्याकडे बोट दाखवले गेले. वातावरणात शिरताना ज्या कुपीला प्रचंड उष्णता सोसायची असते, तिची काच तडकलेली. कुणाला बसवणार तिच्यात? अखेर जुने तिघे १४ नोव्हेंबरला नव्या चमूच्या यानातून उतरले. ते सुखरूप पोहोचले. पण वर राहिलेल्या नव्या तिघांकडे त्या क्षणी परतायला धड वाहन उरले नाही. आग लागली असती, हवा गळू लागली असती, कुणी अत्यवस्थ झाले असते, तर? २५ नोव्हेंबरला मानवरहित शेनझोऊ २२ वर पाठवले गेले, तोवर ही टांगती तलवार होती. तियांगोंग साधारण ४०० किलोमीटरवर, म्हणजे जिथला कचरा लवकर साफ होतो अशा उंचीवर फिरते. पण वरून खाली सरकणारा प्रत्येक तुकडा याच उंचीवरून जातो. ८०० किलोमीटरवर आज झालेल्या चुऱ्यातले काही कण पुढच्या पिढीच्या अंतराळवीरांच्या खिडकीपर्यंत पोहोचतील.

आता त्या कणाचा मालक शोधा. त्यावर झेंडा नाही, क्रमांक नाही. तो रशियन रॉकेटच्या रंगाचा पापुद्रा होता, अमेरिकी उपग्रहाचा कपचा होता की २००७ साली खुद्द चीननेच फोडलेल्या उपग्रहाचा अंश, हे कुणीही कधीच सांगू शकणार नाही. मग कुणाची चूक सिद्ध करणार? आणि मालक ठाऊक असला तरी काय होते, हे १० फेब्रुवारी २००९ रोजी दिसून आले. सायबेरियाच्या वर सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर अमेरिकी कंपनीचा चालू उपग्रह इरिडियम ३३ आणि रशियाचा कित्येक वर्षांपूर्वी निकामी झालेला कॉसमॉस २२५१ एकमेकांवर आदळले. क्रमांक देऊन नोंदता येतील असे दोन हजारांहून अधिक तुकडे झाले. निकामी उपग्रह वर सोडून देणे ही रशियाची चूक? तसा कोणताही बंधनकारक नियम नव्हता. चालू उपग्रह बाजूला घेतला नाही ही कंपनीची चूक? तसाही नियम नव्हता. कुणाची चूक ठरली नाही, आणि त्या कचऱ्यातून वाट काढण्याचा खर्च मात्र तेव्हापासून सगळे जग सोसते आहे.

या भूमिकेवरचा पहिला आक्षेप असा की अवकाश अफाट आहे. सहा-सात दशकांत दोन अख्ख्या उपग्रहांची एवढी मोठी टक्कर एकदाच झाली, मग एवढा आकांत कशासाठी? हा युक्तिवाद खोटा नाही. चित्रपटात दाखवतात तशी तासा-दोन तासांत सगळे आकाश उद्ध्वस्त करणारी साखळी प्रत्यक्षात घडत नाही, आणि तशी भीती घालणारे लोक प्रश्नाचे नुकसानच करतात. १९७८ साली नासाचे शास्त्रज्ञ डोनाल्ड केसलर आणि बर्टन कूर-पाले यांनी मांडलेले गणित संथ आहे, आणि त्याची गंभीरता या संथपणातच आहे. एका ठरावीक दाटीनंतर टकरींतून निर्माण होणारे तुकडे हवेने खाली ओढल्या जाणाऱ्या तुकड्यांपेक्षा जास्त होतात. त्यानंतर एकही नवे रॉकेट उडाले नाही तरी कचरा वाढतच राहतो. शिवाय 'अफाट' हा शब्द इथे फसवा आहे. पृथ्वीची छायाचित्रे घेणाऱ्या, हवामान पाहणाऱ्या उपग्रहांना ध्रुवांवरून जाणाऱ्या, ६०० ते ९०० किलोमीटरच्या दरम्यानच्या कक्षाच सोयीच्या पडतात. सगळे त्याच पट्ट्यात गर्दी करतात आणि ध्रुवांजवळ एकमेकांचे मार्ग छेदतात. समुद्राबद्दलही माणसाने हेच म्हटले होते. एवढ्या पाण्यात चार पिंपे विष टाकले तर काय बिघडते, असे म्हणत देशोदेशींनी कारखान्यांचा गाळ आणि किरणोत्सारी कचऱ्याची पिंपे समुद्रात लोटली. समुद्रात कचरा टाकण्यावर बंधने घालणारा १९७२चा लंडन करार झाला तेव्हा समुद्र काही आकसला नव्हता. विरघळून जाते म्हणजे नाहीसे होते, हा समज तेवढा संपला होता.

दुसरा मुद्दा हल्ली फार ऐकू येतो: सारा दोष हजारोंच्या संख्येने उपग्रह सोडणाऱ्या खासगी कंपन्यांचा आहे. या कंपन्यांना मी मोकळे सोडणार नाही. आज चालू असलेल्या उपग्रहांपैकी निम्म्याहून अधिक एकट्या स्टारलिंकचे आहेत, आणि टक्कर टाळण्यासाठी आपल्या उपग्रहांनी सहा महिन्यांत सुमारे ५० हजार वेळा मार्ग बदलल्याची नोंद कंपनीनेच २०२४ मध्ये दिली. एवढ्या वेळा बाजूला व्हावे लागणारी व्यवस्था एखाद्या सदोष आज्ञावलीने किंवा मोठ्या सौरवादळाने काही दिवस आंधळी झाली तर काय, हा प्रश्न रास्तच आहे. पण हे उपग्रह ५५० किलोमीटरच्या आसपास फिरतात. बंद पडले तरी काही वर्षांत आपोआप खाली येतात. खरे घातक ओझे जुने आहे आणि ते सरकारांचे आहे. सोव्हिएत बनावटीच्या झेनिट रॉकेटांचे सुमारे ९ टनी वरचे टप्पे, एक-दोन नव्हे, दीड डझनाहून अधिक, साडेआठशे किलोमीटरच्या आसपास निर्जीव फिरत आहेत. त्यांतले दोन आदळले तर २००९ ची टक्कर किरकोळ वाटावी.

याहून वाईट म्हणजे सरकारांनी मुद्दाम केलेला कचरा. ११ जानेवारी २००७ रोजी चीनने फेंगयुन-१सी हा स्वतःचा उपग्रह साधारण ८६५ किलोमीटरवर क्षेपणास्त्राने फोडला. तीन हजारांहून अधिक तुकडे नोंदले गेले आणि त्यांतले बहुसंख्य आजही वर आहेत. १५ नोव्हेंबर २०२१ रोजी रशियाने कॉसमॉस १४०८ फोडला, तेव्हा आंतरराष्ट्रीय स्थानकावरच्या सातही जणांना आपापल्या यानांत शिरून दारे लावून घ्यावी लागली. त्या सातांत दोन रशियाचेच अंतराळवीर होते. अमेरिकेने असे प्रयोग १९८५ आणि २००८ मध्ये केले. भारताने २७ मार्च २०१९ रोजी 'मिशन शक्ती'त हेच केले. ३०० किलोमीटरच्या आतली उंची निवडल्यामुळे त्याचा कचरा लवकर निवळला, पण काही तुकडे उसळून स्थानकाच्याही वर गेले, आणि आठवड्यांत संपेल म्हटलेले सगळे संपायला त्याहून बराच अधिक काळ लागला. उंची जपून निवडण्याचे श्रेय द्यावे. पण जपून केलेला प्रयोगही पुढच्याला 'तुम्ही केलात, मग आम्ही का नको' म्हणायची सोय करून देतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. ज्यांनी आधी मनसोक्त कचरा केला तेच आज नियमांची भाषा बोलतात. उपग्रह खाली आणायला जादा इंधन लागते, त्याने वजन वाढते, खर्च वाढतो. नुकता कुठे अवकाशात पाय ठेवणाऱ्या गरीब देशाच्या छोट्या उपग्रहावर हा बोजा का? वातावरणबदलाच्या वाटाघाटींत हाच पेच आहे आणि तिथल्याप्रमाणे इथेही तक्रार खरी आहे. पण नियम नसण्याने या देशांचे भले होते का? कक्षा गर्दीच्या झाल्या की चिलखती, सतत बाजूला होऊ शकणारे उपग्रह आणि विमा फक्त श्रीमंतांना परवडतो. ज्याच्याकडे एकच उपग्रह आहे त्याचा तो एक गेला की चक्रीवादळाची सूचना आणि पिकांची पाहणी दोन्ही बंद. नवागतांना खरे तर नियम सर्वांत आधी हवेत. आकारणी मात्र न्याय्य हवी. किती टन वजन किती वर्षे वर सोडले, या मापाने ती करा. पहिले बिल आपोआप रशिया, अमेरिका आणि चीन यांच्याच दारात जाईल.

ऐच्छिक संकेत पुरेत, सक्तीने उद्योग दुसऱ्या देशात पळतील, असेही सांगितले जाते. हा युक्तिवाद १८७०च्या दशकात ब्रिटिश जहाजमालकांनी शब्दशः केला होता. क्षमतेपेक्षा जास्त माल भरलेली जुनाट जहाजे बुडत, खलाशी मरत, आणि विमा उतरवलेला मालक तरून जाई. सॅम्युएल प्लिमसोल या खासदाराने जहाजाच्या कुशीवर भाराची रेषा काढण्याचा आग्रह धरला, तेव्हा परदेशी जहाजे आपला धंदा नेतील अशी ओरड झाली. १८७६ मध्ये कायदा झाला, रेषा सक्तीची झाली. पण ती कुठे काढायची हे मालकावरच सोडले गेले. ती जागा कायद्याने ठरायला आणखी दशकाहून अधिक काळ गेला. आज अवकाशात आपण याच अर्धवट टप्प्यावर आहोत. काम संपल्यावर २५ वर्षांत उपग्रह खाली आणावा हा संकेत २००२ पासून आहे, २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी कचरा कमी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली, आणि ती पाळायची की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर राहिले. जहाजांची रेषा मात्र पुढे ब्रिटिश बंदरांत येणाऱ्या परदेशी जहाजांनाही लागू झाली आणि १९३० मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला. धंदा बुडाला नाही.

महासत्ता ऐकणार नाहीत, असे म्हणणाऱ्यांना १९६२ आठवून द्यावेसे वाटते. त्या वर्षी ९ जुलैला अमेरिकेने प्रशांत महासागरावर ४०० किलोमीटर उंचीवर 'स्टारफिश प्राइम' हा अणुस्फोट केला. त्यातून उरलेल्या किरणोत्साराने पुढच्या काही महिन्यांत अनेक उपग्रह निकामी केले, त्यांत दुसऱ्याच दिवशी सोडलेला अमेरिकेचाच टेलस्टार होता. ऑगस्ट १९६३ मध्ये, शीतयुद्ध ऐन भरात असताना, अवकाशातल्या अणुचाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला. त्यामागे जमिनीवरच्या किरणोत्साराची आणि क्युबाच्या पेचाची कारणे मोठी होती, हे मान्य. पण वाटाघाटी शक्य असतात एवढे तरी त्यातून दिसते. डिसेंबर २०२२ मध्ये उपग्रह फोडण्याच्या चाचण्या थांबवा, असे आवाहन करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या ठरावाला दीडशेहून अधिक देशांनी पाठिंबा दिला. रशिया आणि चीन विरोधात गेले, भारत तटस्थ राहिला. तटस्थ राहण्यामागची सामरिक कारणे समजू शकतात. स्वतःची चाचणी उरकून झाल्यावर पुढची न करण्याचे वचन देण्यात नेमके काय गमावले जाते, हे मात्र मला कळलेले नाही.

माझ्याच म्हणण्यातली एक अडचण इथे सांगितली पाहिजे. खाली आणले की प्रश्न मिटला, हे पूर्ण खरे नाही. जळणाऱ्या उपग्रहाचे ॲल्युमिनियम वाफ होऊन वातावरणाच्या वरच्या थरांत राहते. स्थितांबरातल्या गंधकाम्लाच्या कणांपैकी सुमारे १० टक्के कणांत असे धातू सापडल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. हजारो उपग्रह दरवर्षी जाळायचे ठरवले तर त्याचा ओझोनवर काय परिणाम होईल, हे आधी तपासावे लागेल. यातून कमी उपग्रह सोडा, जास्त काळ टिकणारे सोडा असा निष्कर्ष निघतो. ते मेल्यावर वरच राहू द्या, असा निघत नाही.

मग करायचे काय? परवाना देतानाच मालकाकडून अनामत घ्यावी, आणि उपग्रह ठरल्या मुदतीत उतरला की ती परत करावी. अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने २०२२ मध्ये २५ वर्षांची मुदत ५ वर्षांवर आणली, आणि पुढच्याच वर्षी निकामी उपग्रह ठरलेल्या उंचीवर न नेल्याबद्दल एका कंपनीला दीड लाख डॉलरचा दंड केला. रक्कम नगण्य होती, पण दंड होऊ शकतो हे सिद्ध झाले. स्वतःच्या बळावर उपग्रह सोडू शकणारे देश जगात डझनभरच आहेत. एवढ्यांनी उड्डाणाची अट म्हणून हे स्वीकारले तरी बाकी साऱ्यांना ते लागू होते. राहिला जुना कचरा. तो उचलण्याचे तंत्र आता कल्पनेतले नाही: २०२४ मध्ये ॲस्ट्रोस्केल या जपानी कंपनीचे यान २००९ पासून फिरणाऱ्या तीन टनी जपानी रॉकेट-टप्प्यापासून १५ मीटरपर्यंत गेले आणि त्याने त्याची छायाचित्रे घेतली. जपानी यान जपानी टप्प्याकडे गेले, कारण १९६७च्या अवकाश करारानुसार वर गेलेली वस्तू मेली तरी तिच्या देशाचीच राहते. दुसऱ्याने परवानगीवाचून हात लावायचा नाही. म्हणून पहिली मागणी पैशांची नसावी. ज्यांच्या नावावर ते मोठे सांगाडे नोंदलेले आहेत, त्या देशांनी त्यांची यादी जाहीर करावी आणि ते खाली आणायला कुणालाही आगाऊ संमती द्यावी. झेनिटच्या त्या टप्प्यांसाठी अशी संमती रशियाने एका पत्राने देण्याजोगी आहे, आणि त्यासाठी त्याला एक रूबलही खर्च येणार नाही.